रत्नागिरी-सिंधुदुर्गात माणसं घटली कशी? समजून घ्या जनगणनेचं गणित

गणपतीला एसटीत पाय ठेवायला जागा नसते, कोकण रेल्वेचं तिकीट कधीच संपलेलं असतं. विसर्जन झालं की आठवडाभरात वाडीतल्या घरांना पुन्हा कुलुपं. कोकणात हे सगळ्यांच्या ओळखीचं आहे. २०११ च्या जनगणनेत ते आकड्यांतही उतरलं.

२००१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजार ७७७ होती. दहा वर्षांनी ती १६ लाख १५ हजार ६९ झाली. सिंधुदुर्ग ८ लाख ६८ हजार ८२५ वरून ८ लाख ४९ हजार ६५१ वर आला. दोन्ही मिळून लाखभर माणसं कमी. त्याच दहा वर्षांत राज्याची लोकसंख्या मात्र जवळपास १६ टक्क्यांनी वाढली.

मग इथे मुलं जन्माला येत नाहीत का? तसं नाही. कुठल्याही गावाची लोकसंख्या तीन गोष्टींवर ठरते: जन्म, मृत्यू आणि स्थलांतर. जन्म मृत्यूंपेक्षा जास्त असूनही आकडा खाली येत असेल, तर उरलेली माणसं गाव सोडून गेली, एवढाच त्याचा अर्थ.

आणि हे आजचं नाही. १८५४ मध्ये मुंबईत पहिली कापड गिरणी स्थापन झाली, तेव्हापासून कोकणचा माणूस गिरणीत जात राहिला. बायको-मुलं गावी, घरधनी गिरणगावातल्या खोलीत, आणि घर चालायचं मनीऑर्डरवर. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यानंतर हजारोंचं काम गेलं. तरी पोरं मुंबईकडेच गेली, फक्त गिरणीऐवजी दुसऱ्या कामाला.

रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया, हा आकडा भाषणांत कौतुकानं सांगितला जातो. कौतुक जरा जपून करावं. शून्य ते सहा वयोगटात तिथेही मुलांपेक्षा मुली कमीच आहेत. मोठ्यांमध्ये बायका जास्त दिसतात, कारण कर्ते पुरुष बाहेर आहेत. ठाण्यात उलट: हजार पुरुषांमागे ८८६ स्त्रिया.

गेलेली माणसं लालबाग-परळात राहिली म्हणावं, तर मुंबई शहर जिल्ह्याचीही लोकसंख्या त्या दहा वर्षांत अडीच लाखांनी घटली. चाळी गेल्या, टॉवर आले. वाढला तो ठाणे जिल्हा, ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर. (पालघर तेव्हा ठाण्यातच होता.) विरार, नालासोपारा, डोंबिवली, बदलापूरला चाकरमान्यांची नवी घरं झाली. बायको-मुलंही आता तिथेच, त्यामुळे गावच्या शाळेचा पट घसरतो.

दुसरीकडे आंब्याच्या बागा राखायला आणि मच्छीमार बोटींवर नेपाळहून माणसं येतात. म्हणजे काम गावात आहे, पण शिकलेल्या पोराला हवं तसं नाही.

गावाला फरक काय पडतो?

ग्रामपंचायतीचे सदस्य लोकसंख्येवर ठरतात. दीड हजारापर्यंत ७, तीन हजारांपर्यंत ९, असं करत जास्तीत जास्त १७. वित्त आयोगाच्या निधीतही लोकसंख्येचा मोठा वाटा असतो. पण पाण्याची लाईन, रस्ता, दिवाबत्ती माणसं कमी झाली म्हणून आखूड होत नाही, आणि गणपतीत तर सगळं गाव भरतं.

२०२१ ची जनगणना कोरोनामुळे लांबली. आता माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये, संदर्भ तारीख १ मार्च २०२७. तेव्हा ना गणपती, ना शिमगा. मोजणीच्या पूर्ण काळात जो मुंबईत राहतोय, त्याची नोंद मुंबईतच होणार, मग रेशनकार्ड आणि मतदार यादीतलं नाव गावचं असलं तरी. हंगामासाठी दोन-चार दिवस बाहेर गेलेला आणि मोजणी संपायच्या आत परतणारा माणूस मात्र गावच्याच घरात मोजला जातो. प्रगणक दारात आल्यावर घरच्यांनी अशांची नावं आवर्जून सांगावीत.