जहाजाच्या अंगावरील रेघ



शिक्षकाच्या पेशांत असतां मी दरवर्षीं वर्गांत एक साधा प्रयोग करीत असें. गोड्या पाण्याच्या पेल्यांत ताजें अंडें सोडलें कीं तें तळाशीं जाई. त्याच पाण्यांत पुरेसें मीठ विरघळविलें कीं तें वर येई. मुलांस गंमत वाटे. परंतु या गमतीच्या पोटीं खलाशांच्या प्राणांचा प्रश्न दडलेला आहे, तोच आज सांगावयाचा आहे.

सिराक्यूज नगरींतील आर्किमिडीज यानें ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकांत तरंगणाऱ्या पदार्थांविषयीं ग्रंथ लिहिला. पदार्थानें आपल्या वजनाइतकें पाणी बाजूस सारलें तरच तो तरंगतो, हें त्यांतील तत्त्व. लोखंडाची घनता पाण्याच्या पावणेआठपटींहून अधिक. म्हणून त्याचा गोळा बुडतो. पण त्याच लोखंडाचें पोकळ जहाज पुष्कळ पाणी बाजूस सारतें व तरंगतें. समुद्राचें पाणी दर घनमीटरास सुमारें १०२५ किलो भरतें, गोडें पाणी १००० किलो. यास्तव समुद्रांतून नदींत शिरलेलें जहाज तेवढ्याच मालानिशीं अधिक खोल बसतें.

हें तत्त्व दोन हजार वर्षें ठाऊक होतें. तरीही एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांतील कांहीं मालक जुन्या जहाजांत बेसुमार माल कोंबीत. जहाज बुडालें तरी मालकास विम्याचे पैसे मिळत; खलाशाचा जीव मात्र परत येत नसे. अशा जहाजांस लोक शवपेट्या म्हणत. डर्बीचे पार्लमेंटचे सभासद सॅम्युएल प्लिमसॉल यांनीं इ. स. १८७३ मध्यें पुस्तक लिहून हा अनर्थ चव्हाट्यावर आणिला. १८७५ च्या जुलैंत सरकारनें जहाजांविषयींचें बिल सोडून देतांच ते भर सभागृहांत संतापले व सभासदांस 'दुष्ट' म्हणाले. पुढें त्यांनीं माफी मागितली. पण लोकमत पेटलें होतें. १८७६ सालीं प्रत्येक जहाजावर भाररेषा काढणें सक्तीचें झालें. ही रेघ बुडेल इतका माल भरावयाचा नाहीं. मात्र ती कोठें काढावी हें मालकाच्याच हातीं राहिलें! ती पळवाट १८९० च्या कायद्यानें बुजविली. ब्रिटिश आगबोटींवर आपल्या कोंकणांतील खलाशीही चाकरी करीत. ती रेघ त्यांच्याही जिवाची राखण करूं लागली.

बंदरांत उभ्या असलेल्या मोठ्या जहाजाच्या बाजूस आजही आडव्या रेघेनें छेदलेलें वर्तुळ दिसतें. शेजारीं लहान रेघा असतात. गोड्या पाण्याची रेघ समुद्राच्या रेघेहून वर; हिवाळ्याची त्याहून खालीं, कारण तेव्हां समुद्र खवळलेला असतो.

घनता शिकवितांना मी पुष्कळ वर्षें अंड्यापाशींच थांबलों. आतां वाटतें, त्यापुढें फळ्यावर ही रेघही काढावयास हवी होती.