डोंगरातील दोन छोटे लोहमार्ग : भांडवल, श्रम आणि स्मृती

प्रस्तावना

डोंगरातून जाणाऱ्या छोट्या रेल्वेचा विषय निघाला की दऱ्या, धुके, वळणे आणि खिडकीतून दिसणारे रान एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. सहलीच्या पुस्तिकांतून हेच वर्णन असते आणि ते खोटे नाही. मात्र इतिहासाच्या अभ्यासकाला एवढ्यावर थांबता येत नाही. रूळ टाकण्यासाठी पैसा कोणाचा होता, गाडी काय वाहून नेण्यासाठी होती, कोणाचे नाव राहिले आणि कोणाचे पुसले गेले, हे प्रश्न विचारले की निसर्गरम्य मार्गही इतिहासाचे साधन ठरतो. प्रस्तुत निबंधात नेरळ–माथेरान आणि बिलिमोरा–वघई या दोन मार्गांचा तौलनिक विचार केला आहे. पहिला रायगड जिल्ह्यात आहे, तर दुसरा सुरतेच्या दक्षिणेस नवसारी जिल्ह्यातून डांगात जातो.

माथेरान : व्यापाऱ्याच्या भांडवलातून

१८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी माथेरानच्या डोंगरास भेट दिली आणि तेथे थंड हवेचे ठिकाण वसू लागले. १८५६ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कल्याणहून खोपोलीपर्यंत पोहोचल्यावर मुंबईकरांस नेरळपर्यंतचा प्रवास सोपा झाला. मात्र पुढची चढण घोड्यावरून, पालखीतून किंवा पायीच करावी लागे. म्हणजे श्रीमंतांची हवापालट प्रत्यक्षात हमालांच्या खांद्यावर चालत असे.

या चढणीवर रेल्वे बांधली ती अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी. भांडवल त्यांचे वडील सर आदमजी पीरभॉय यांचे होते. काठेवाडातील धोराजी येथे जन्मलेले सर आदमजी हे दाऊदी बोहरा समाजातील. या समाजाचे विद्याकेंद्र दीर्घकाळ आपल्या सुरतेत राहिले आहे. सर आदमजी मुंबईत येऊन तंबू व कातडी मालाच्या व्यापारात पुढे आले आणि लष्कराला माल पुरवणारे मोठे उद्योजक झाले. डिसेंबर १९०७ मध्ये कराचीस भरलेल्या मुस्लिम लीगच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. १९१३ मध्ये त्यांचे निधन झाले.

माथेरानात एक कथा सांगितली जाते. सर आदमजींना नेरळला वर जाण्यासाठी वाहन मिळाले नाही, तेव्हा ‘आता येईन तो स्वतःच्या गाडीनेच’ असे ते म्हणाले, अशी ती कथा आहे. दंतकथा म्हणून ती गोड आहे आणि वर्गात सांगण्यासही हरकत नाही. परंतु तिच्यावर भिस्त ठेवली तर सोळा लाख रुपयांची गुंतवणूक एका क्षणाच्या रागातून झाली असे मानावे लागेल. वस्तुस्थिती अधिक बोलकी आहे. योजना १९०० च्या सुमारास आकारास आली, काम १९०४ मध्ये सुरू झाले आणि मार्च १९०७ मध्ये गाडी धावू लागली. बार्शी लाइट रेल्वेमुळे नावारूपास आलेले अभियंता एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांचा सल्ला घेण्यात आला. इंजिने जर्मनीतील ओरेनस्टाइन आणि कोपेल या कारखान्यातून आली. हे सारे एका रागीट उद्गारातून घडत नाही. त्यामागे वर्षांची आखणी आणि जोखीम पत्करण्याची तयारी असते.

उताराचे गणित

नेरळ समुद्रसपाटीपासून सुमारे ४० मीटरवर, तर माथेरान सुमारे ८०० मीटरवर आहे. ही साडेसातशे मीटरहून अधिक उंची गाठण्यासाठी मार्गाची लांबी जवळपास २१ किलोमीटर ठेवावी लागली. म्हणजे सरासरी सत्तावीस-अठ्ठावीस मीटर पुढे गेल्यावर गाडी एक मीटर वर चढते. काही ठिकाणी हा चढ वीसास एक इतका आहे. त्या तुलनेत भोर घाटातील मुख्य मार्गाचा चढ सदतीसास एक होता. रुळांमधील अंतर केवळ दोन फूट ठेवल्याने तीव्र वळणे शक्य झाली. इंजिनांच्या टोकाकडील चाकांना वळणावर थोडे आडवे सरकता येईल अशी रचना होती. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज या स्थानकांवरून प्रवासी वर जातो, तेव्हा वळणागणिक बदलणारे दृश्य ही शोभेसाठी केलेली योजना नव्हे. दात्यांच्या रुळाचा खर्च टाळून डोंगर चढण्याची ती किंमत आहे. सौंदर्य येथे हिशेबातून जन्मले आहे.

बिलिमोरा–वघई : लाकडासाठी रूळ

दुसऱ्या मार्गाचा जन्म वेगळ्या गरजेतून झाला. बडोदा संस्थानात छोट्या रेल्वेची परंपरा जुनी होती. १८६२ मध्येच डभोई–मियागाम मार्गावर बैलांनी ओढलेल्या गाड्या चालल्या होत्या. तिसरे सयाजीराव गायकवाड यांच्या कारकिर्दीत, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, बिलिमोऱ्याहून पूर्वेकडे अडीच फुटी रूळ पडू लागले. आज हा मार्ग ६३ किलोमीटरचा असून गणदेवी, उनाई, काळाआंबा, डुंगरडा असा डांगातील वघईपर्यंत जातो.

त्याचा मुख्य उद्देश सागाची वाहतूक हा होता. डांगच्या सागावर इंग्रजांची नजर फार पूर्वीच गेली होती. १८४२ मध्ये त्यांनी तेथील भिल्ल राजांकडून जंगलाचे पट्टे करून घेतले होते. मुंबईच्या जहाजबांधणीस आणि पुढे रेल्वेस लाकूड हवे होते. त्यामुळे आज पर्यटक खिडकीतून ज्या रानाचे कौतुक करतो, ते रान तोडून नेण्याची सोय म्हणून ही गाडी आली, हे विद्यार्थ्यांना सांगितले पाहिजे. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी गौरविलेल्या राजाच्याच कारकिर्दीतील ही घटना आहे. एकाच राजवटीत शाळा आणि जंगलतोड यांची सोय सोबत वाढते, ही गोष्ट इतिहासाच्या शिक्षकाने टाळू नये.

तरीही कथा येथेच संपत नाही. मालासाठी आलेली गाडी हळूहळू माणसांची झाली. बाजारहाट, दवाखाना, शाळा यांसाठी आदिवासी गावांतील लोक तिच्यावर विसंबू लागले. २०२० मध्ये ती बंद पडली आणि अशा काही छोट्या मार्गांसह कायमची बंद करण्याचा विचार रेल्वेने मांडला, तेव्हा स्थानिक जनतेने विरोध केला. सप्टेंबर २०२१ मध्ये गाडी पुन्हा सुरू झाली, तीही मोठ्या काचांचा डबा जोडून. लाकडाची गाडी अशा रीतीने दृश्याची गाडी झाली.

पुसलेली नावे

माथेरानची गाडीही अनेकदा थांबली. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीने मार्ग उद्ध्वस्त केला आणि २००७ मध्ये, शताब्दीच्या वर्षी, तो पुन्हा सुरू झाला. २०१९ च्या पावसानंतरची दुरुस्ती २०२२ पर्यंत चालली. प्रत्येक वेळी दरड उपसणारे व खडी भरणारे हात होते. पहिल्यांदा हा डोंगर ज्यांनी फोडला, त्यांच्याप्रमाणेच यांचीही नावे कोणत्याही फलकावर दिसत नाहीत. रेल्वे आली तरी माथेरानात माणसाने माणसाला ओढण्याची प्रथा हातरिक्षांच्या रूपाने टिकली. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंद करण्याचा आदेश दिला. पालखीपासून हातरिक्षापर्यंतचा हा धागा रेल्वेच्या गौरवकथेत सहसा येत नाही.

निष्कर्ष

या दोन मार्गांच्या तुलनेतून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, भारतातील रेल्वे केवळ इंग्रज सरकारने बांधली हे विधान अपुरे आहे. मुंबईचा मुस्लिम उद्योजक आणि बडोद्याचा मराठा राजा यांचाही त्यात वाटा आहे. दुसरी, पीरभॉय कुटुंबाचे कर्तृत्व दंतकथेत न अडकवता व्यापार, तंत्रज्ञान आणि जोखीम यांच्या संदर्भात शिकवले, तर विद्यार्थ्याला अभिमानाबरोबर समजही मिळते. तिसरी, भांडवल देणाऱ्याची नोंद राहते तशी श्रम देणाऱ्याची राहत नाही. ती उणीव मौखिक इतिहासानेच काही अंशी भरून निघेल. बिलिमोऱ्यापासून वघईपर्यंतच्या गावांत जुने प्रवासी व रेल्वे कामगारांची मुले-नातवंडे आढळतील. विद्यार्थ्यांची सहल न्यायचीच असेल, तर कॅमेऱ्याबरोबर एक वही आणि चार प्रश्नही सोबत द्यावेत.