तबकडीवरचे नाव

व्याख्यानमालेच्या चालकांनी आमच्या नावापुढे हा विषय छापला, तेव्हा बर्डीवरच्या आमच्या दोन-तीन मित्रांना तो छापखान्याचा दोष वाटला. बोनस, किमान वेतन आणि बंद गिरण्यांची देणी ह्यांवर बोलणारा मनुष्य युरोपातील संगीतिका आणि चर्चमधील वृंदगान ह्यांच्या ध्वनिमुद्रिकांवर काय बोलणार? शंका रास्त होती. आम्हांला पाश्चात्त्य स्वरलिपी वाचता येत नाही आणि इटालियन भाषेचा गंधही नाही. जे काही कळले ते तबकड्यांच्या खोक्यांतून निघणाऱ्या पुस्तिका शब्दकोश जवळ घेऊन वाचल्याने, आणि तेच ते पुन्हा पुन्हा ऐकल्याने. परंतु ज्या प्रश्नापायी आम्ही ह्या नादी लागलो, तो प्रश्न आमच्या चळवळीतलाच आहे.

जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात तीन तबकड्यांचे एक जाडजूड खोके आमच्या हाती आले. जाकोमो पुच्चिनी ह्या इटालियन रचनाकाराची ‘तुरांदोत’ ही संगीतिका, लंडनमध्ये १९७२ साली मुद्रित केलेली. वेष्टनावर जोन सदरलँड, लुचानो पावारोत्ती, मोंसेरात काबाये अशी गायकांची नावे, आणि त्यांच्या बरोबरीने आणखी एक नाव: झुबिन मेहता. एम्प्रेस मिलचा कारभार ज्यांनी प्रथम उभा केला ते बेझनजी दादाभाई हेही मेहताच. तेव्हा हे पारशी आडनाव नागपूरकराला परके नाही. (नाते आहे असे आमचे म्हणणे नाही.) आम्ही दुकानदारास विचारले, “हे गृहस्थ ह्यात काय गातात?” तो म्हणाला, “काहीच नाही. हातात काठी घेऊन उभे असतात.” म्हणजे सुमारे दोन तासांच्या मुद्रणात ज्याचा एक स्वरही ऐकू येत नाही त्याचे नाव वेष्टनावर, आणि जी शेदीडशे माणसे प्रत्यक्ष गातात-वाजवतात त्यांतील बहुतेकांचे नाव कोठेच नाही! मुकादमाचे नाव पाटीवर आणि कामगार निनावी, हा देखावा आम्ही आयुष्यभर पाहिला आहे. ते खोके आम्ही विकत घेतले ते भांडण्यासाठीच.

भांडणापूर्वी प्रतिपक्षाचे काम समजून घ्यावे लागते. आपले संगीत नाटक अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’पासून, म्हणजे ३१ ऑक्टोबर १८८० पासून धरतात. त्यात गद्य बोलायचे आणि पदे गायची. गाणारा नट हाच तेथला धनी. त्याने एक तान जास्त घेतली, प्रेक्षकांनी ‘वन्समोअर’ दिला, तर ऑर्गनवाला आणि तबलजी त्याच्यामागे जातात. युरोपातील संगीतिकेत बहुधा शब्दन् शब्द स्वरांत बांधलेला, आणि प्रत्येक वादकाने काय वाजवायचे ते कागदावर लिहिलेले. रंगमंचासमोरच्या खड्ड्यात साठ-सत्तर वादक बसतात. त्यांतील पुष्कळांना रंगमंच दिसतही नाही. वर नायक-नायिका, त्यांच्यामागे साठ-सत्तरांचा जमाव. ह्या सर्वांना एकाच वेळी दिसेल असा एक मनुष्य मध्ये उभा करावा लागतो. त्याची काठी जरबेची नसून घड्याळाच्या काट्याची आहे. त्याचे खरे काम तर प्रयोगाच्या आधीच तालमीत झालेले असते.

चर्चच्या वृंदगानाचेही तेच. आपल्या विदर्भात सामुदायिक गायनाचे नवल नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी मोझरीच्या गुरुकुंजातून सामुदायिक प्रार्थना गावोगाव नेली. पण आपली मंडळी एकाच चालीत, एका सुरात मिळून गातात. तिकडे स्त्रियांचे उंच व खालचे, पुरुषांचे उंच व खालचे, असे चार थर एकाच वेळी निरनिराळे स्वर गातात आणि त्यांचा मेळ जमतो. ‘रेक्वियम’ म्हणजे मृतांसाठी लॅटिनमध्ये म्हटली जाणारी कॅथलिक प्रार्थना. मोत्सार्ट आणि व्हेर्दी ह्यांच्या रेक्वियम जगभर गातात. व्हेर्दीची रेक्वियम मेहतांनी १९८० साली न्यूयॉर्कच्या वाद्यवृंदासह मुद्रित केली. ‘आयदा’, ‘इल त्रोवातोरे’, ‘तोस्का’ ह्या संगीतिका तत्पूर्वीच झाल्या होत्या.

मुंबईच्या पारशी मुलाला ही विद्या आली कोठून? झुबिन मेहता ह्यांचा जन्म २९ एप्रिल १९३६ चा. वडील मेहली मेहता व्हायोलिनवादक. त्यांनी त्याच्या आदल्या वर्षीच बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. त्यात हौशी पारशी होते, नौदलाच्या बँडमधले वादक होते आणि मुख्यतः पोटासाठी वाजवणारे गोवेकर होते. ह्या गोवेकरांची कथा कोणी सविस्तर लिहिली पाहिजे. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला, व्हायोलिन वाजवायला आणि वृंदात गायला शिकवीत. हेतू प्रार्थनेची सोय हा. परंतु त्यातून हाताला एक कसब मिळाले आणि ते घेऊन पिढ्यान् पिढ्या माणसे मुंबईस आली. दिवसा सिनेमाचा स्टुडिओ, रात्री हॉटेल, आणि अधूनमधून मेहलींच्या वाद्यवृंदात बेथोव्हेन. हिंदी चित्रपटगीतांचे वाद्यमेळ रचणारे अँथनी गोन्साल्विस आणि सेबास्टियन डिसोझा ह्यांच्यासारखे कसबी लोक ह्याच वाटेने आले. त्यांची नावे तबकडीवर आली नाहीत.

झुबिन ह्यांनी वैद्यकाचा अभ्यास सोडला आणि १९५४ साली, अठराव्या वर्षी, ते व्हिएन्नाला गेले. तेथे हान्स स्वारोव्स्की हे त्यांचे गुरू. वाद्य घेतले डबल बास, म्हणजे व्हायोलिनच्या कुळातले सर्वांत मोठे. ते मागे उभे राहून वाजवायचे असते आणि त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. पुढची हकिगत आम्हांला फार आवडते. मोठमोठ्या संचालकांच्या तालमी बाहेरच्यांना बंद असत. तेव्हा मेहता आणि त्यांचा सहाध्यायी क्लाउदिओ अब्बादो ह्यांनी युक्ती काढली: तेथल्या ‘झिंगफेराइन’ ह्या गायकवृंदात खर्जाच्या रांगेत भरती व्हायचे! येणेप्रमाणे ब्रूनो वॉल्टरसारख्यांचे काम त्यांनी गाणाऱ्यांच्या बाकावरून पाहिले. ज्याने पुढे काठी धरली तो आधी निनावी गायक होता, हे कळल्यावर आमचा राग अर्धा उतरला. खात्यात काम केलेला मुकादम आणि वरून लादलेला मुकादम ह्यांतला फरक गिरणीवाल्यांना सांगायला नको.

आता नावाचा मूळ प्रश्न. ह्या धंद्यात नावाचा इतिहास मोठा विचित्र आहे. १९०२ साली कलकत्त्यास गौहर जान ह्यांचे गाणे मुद्रित झाले, तेव्हा गाण्याच्या शेवटी त्यांनी इंग्रजीत स्वतःचे नाव पुकारले. तबकड्या जर्मनीत छापल्या जात, आणि तेथल्या कारागिरास गाणे कोणाचे हे कळावे म्हणून ही सोय. सारंगीवाल्याने आणि तबलजीने आपले नाव पुकारले नाही. पुढे १९४९ च्या ‘महल’ चित्रपटातील लता मंगेशकरांच्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिकेचे नाव काय छापले? ‘कामिनी’, म्हणजे पडद्यावरच्या पात्राचे! नाव मिळवण्यासाठी एवढ्या मोठ्या गायिकेलाही झगडावे लागले, तेथे मागच्या रांगेतील व्हायोलिनवाल्याची काय कथा.

जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम चार मिनिटे मावत. अडीच तासांची ‘आयदा’ त्या हिशेबाने वीसएक तबकड्या खाई. १९४८ मध्ये लाँगप्ले तबकडी आली, एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटे बसू लागली, आणि मगच संपूर्ण संगीतिका मध्यमवर्गीयाच्या कपाटात शिरली. वादक एकदा वाजवतो, तबकडी हजार वेळा वाजते, आणि त्या हजार वेळांत दुसऱ्या कोणा वादकाचा रोजगार जातो. हा प्रश्न जगात प्रथम ज्याने अंगावर घेतला तो अमेरिकेतील वादकांच्या युनियनचा अध्यक्ष जेम्स पेट्रिलो. त्याने १ ऑगस्ट १९४२ पासून मुद्रणावर बंदी पुकारली. मागणी एकच: प्रत्येक तबकडीमागे काही रक्कम बेकार वादकांच्या निधीत पडली पाहिजे. युद्धाचे दिवस, वर्तमानपत्रे तुटून पडली, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट ह्यांनी पत्र लिहून बंदी उठवण्याची विनंती केली, तीही त्याने मानली नाही. कंपन्यांनी काय केले पाहा. गाणारे लोक त्या युनियनमध्ये नव्हते. म्हणून फ्रँक सिनात्रासारख्या गायकामागे वाद्यांच्या जागी गायकवृंदच उभा करून तबकड्या काढल्या! वृंदगानाचा असा संपफोडीसाठी उपयोग झालेला दुसरा आमच्या वाचनात नाही. अखेर नोव्हेंबर १९४४ मध्ये दोन्ही बड्या कंपन्या नमल्या, निधी उभा राहिला, आणि त्यातून बेकार वादकांना वेतन देऊन लोकांसाठी फुकट जलसे होऊ लागले.

पुन्हा आमच्या खोक्याकडे येऊ. ‘तुरांदोत’ची कथा चीनमधली. राजकन्या कोडी घालते. उत्तर चुकले की मागणी घालणाऱ्याचे डोके उडते. एक अनोळखी राजपुत्र कोडी सोडवतो आणि उलट म्हणतो की पहाटेपर्यंत माझे नाव शोधून दाखव. त्यावर फर्मान निघते की नाव कळेतोवर शहरात कोणी झोपायचे नाही, अन्यथा मृत्यू. त्या रात्री राजपुत्र जे गातो ते गाणे ह्याच १९७२ च्या मुद्रणातून, पावारोत्तींच्या आवाजात, १९९० च्या विश्वचषक फुटबॉलच्या वेळी बीबीसीने घरोघर पोहोचवले. त्या गाण्याच्या मध्यावर दुरून स्त्रियांचा घोळका गातो. त्याचा अर्थ असा की ह्याचे नाव कोणाला कळणार नाही आणि आम्हांला मात्र मरावे लागणार. जलशांत पुष्कळदा ही ओळ गायला वृंद नसतो आणि नुसती वाद्ये ती वाजवून वेळ मारून नेतात. राजपुत्राच्या विजयावर टाळ्या पडतात. मरणाऱ्यांचे म्हणणे गळून जाते. मेहतांच्या मुद्रणात ते स्वच्छ ऐकू येते. हा वृंद ‘जॉन ऑल्डिस कॉयर’ ह्या नावाचा. म्हणजे गायकांना नाव मिळाले तेही त्यांच्या शिक्षकाचे!

पुच्चिनी २९ नोव्हेंबर १९२४ रोजी वारले तेव्हा संगीतिका अपुरी होती. राजपुत्राचे नाव सांगू नये म्हणून लियू ही दासी छळ सोसून प्राण देते आणि जमाव तिचा शोक करीत तिला घेऊन जातो, येथवर त्यांनी लिहिले होते. पुढचे फ्रांको अल्फानो ह्याने पूर्ण केले. २५ एप्रिल १९२६ रोजी मिलानमध्ये पहिला प्रयोग झाला, तेव्हा संचालक तोस्कानिनी ह्यांनी दासीच्या शोकापाशी काठी खाली ठेवली आणि प्रयोग तेथेच थांबवला. मेहतांनी १९९८ मध्ये हीच संगीतिका खुद्द बीजिंगमध्ये, सम्राटांच्या पूर्वजमंदिराच्या प्रांगणात केली. त्या जागेचे आजचे नाव ‘श्रमिक जनांचा सांस्कृतिक प्रासाद’ असे आहे, हे वाचून आम्ही जरा हसलो.

मालक कोण, हा प्रश्न उरतो. तेथे आम्हांला खरा धक्का बसला. व्हिएन्ना फिलहार्मोनिक हा १८४२ पासूनचा वाद्यवृंद वादकच चालवतात. १९३३ नंतर त्यांनी कायम संचालक ठेवलेलाच नाही, हवा त्याला बोलावतात. (पंचायत उत्तम, पण १९९७ पर्यंत त्या पंचायतीत एकही स्त्री सभासद नव्हती, हेही सांगितले पाहिजे.) इस्रायल फिलहार्मोनिक हीही वादकांची सहकारी संस्था, ती मेहतांच्या जन्मवर्षीच, १९३६ मध्ये, सुरू झाली. तिने त्यांना १९६९ मध्ये सल्लागार केले, १९७७ मध्ये संगीत-संचालक, १९८१ मध्ये तहहयात; ते २०१९ मध्ये निवृत्त झाले. म्हणजे तेथे कामगारांनी मुकादम नेमला होता, आणि तो पन्नास वर्षे टिकला. १९८१ मध्येच त्यांनी ज्यांना ऐकायचे नसेल त्यांनी जावे असे सांगून वॅग्नरचे संगीत वाजवावयास घेतले. सभागृहात गदारोळ झाला. छळछावणीतून वाचलेला एक द्वारपाल मंचावर चढून अंगावरचे वण दाखवू लागला. कलेला बंदी नसावी हे खरे, पण त्या सभेत मेहतांचा अंदाज चुकला असे आमचे मत आहे. पुढाऱ्याने आपल्या माणसांचा कौल घेतला म्हणजे समोरच्या माणसांचाही मिळाला, असे होत नाही. ही चूक आम्हीही केली आहे.

शेवटी एका रेक्वियमविषयी. ऑगस्ट १९९२ मध्ये वेढा पडलेल्या सरायेवो शहराचे राष्ट्रीय ग्रंथालय तोफांच्या माऱ्याने जळाले. लक्षावधी पुस्तकांची राख शहरावर पडली. तेथल्या वाद्यवृंदातील काही जण वेढ्यात मारले गेले, काही परागंदा झाले. १९ जून १९९४ रोजी त्या ग्रंथालयाच्या भग्न भिंतींत मेहतांनी मोत्सार्टची रेक्वियम सादर केली. चार गायक बाहेरून आले होते, त्यांत होसे कारेरास होते. परंतु वाजवले ते सरायेवोच्या उरलेल्या वादकांनी, आणि गायले ते तेथल्या कॅथेड्रलच्या वृंदाने. मुसलमान, ऑर्थोडॉक्स, कॅथलिक आणि यहुदी शतकानुशतके जेथे शेजारी राहिले त्या शहरात, कॅथलिक प्रार्थना, आणि काठी मुंबईच्या पारशाच्या हाती. त्याचे चित्रण झाले आणि ते आजही पाहता येते. आम्ही पाहिले तेव्हा मेहतांकडे थोडा वेळच पाहिले. नंतर मागच्या रांगांतील चेहरे पाहत राहिलो. मोत्सार्टही १७९१ मध्ये ही रचना अपुरी ठेवूनच गेला होता. ती पुरी केली त्याचा शिष्य फ्रान्त्स झ्युसमायर ह्याने. त्याचे नाव काही तबकड्यांवर बारीक अक्षरात असते, काहींवर नसतेच.