कोकोचा बागाईतदार आणि चॉकोलेटचा कारखानदार

चॉकोलेटची वडी चाखणाऱ्या शहरी कुटुंबास तिची रुची कारखान्यांत निर्माण होते असें सहज वाटतें. वस्तुतः ती बरीचशी बागेंतच ठरून जाते. कोकोचें फळ झाडाच्या बुंध्यावरच लगडतें. तें कोयत्यानें फोडलें म्हणजे आंत पांढऱ्या, आंबटगोड गरांत गुरफटलेल्या तीसचाळीस बिया निघतात. त्यांची रास केळीच्या पानांखालीं झांकून पांचसहा दिवस आंबवावी लागते. त्या उष्णतेनें बी मरते, तिचा कडूपणा ओसरतो आणि चॉकोलेटचा सुवास मूळ धरतो. मग उन्हांत वाळवण. न आंबवितांच वाळविलेली बी कापून पाहावी, तर ती आंतून पाटीच्या दगडासारखी करडी दिसते.

परंतु या श्रमाचें मोल बागाईतदाराच्या पदरीं पडावें कसें? हा प्रश्न गोल्ड कोस्टच्या, म्हणजे आजच्या घानाच्या, इतिहासांत वारंवार उभा राहिला.

टेटे क्वार्शी नांवाचा लोहार १८७९ सालीं फर्नांडो पो बेटावरून कोकोचीं फळें घेऊन स्वदेशीं परतला व मांपोंग गांवीं त्यानें बिया लावल्या. १८९१ सालीं परदेशीं गेलेला माल अवघा ८० पौंड होता. १९११ मध्यें तो ४० हजार टनांच्या घरांत गेला आणि हा देश कोकोच्या उत्पादनांत जगांत पहिला ठरला. विशेष हें कीं, हे मळे गोऱ्या मळेवाल्यांचे नव्हते. लहान आफ्रिकी शेतकऱ्यांनीं जंगल तोडून ते उभारले होते.

याच सुमारास इंग्लंडांतील कॅडबरीची पेढी पेंचांत सांपडली होती. ती साओ टोमे या पोर्तुगीज बेटावरील कोको घेई. तेथील मजूर नांवाचेच करारी, प्रत्यक्षांत गुलाम, हें उघडकीस आलें. मार्च १९०९ मध्यें कॅडबरी, फ्राय व राउंट्री यांनीं तो माल घेणें थांबविलें. (थांबविण्यास लागलेलीं वर्षें मात्र थोडीं नव्हतीं.) कॅडबरीचे खरेदीदार गोल्ड कोस्टांत दाखल झाले व नीट आंबविलेल्या बियांस चढा भाव देऊं लागले. कारखानदार आणि शेतकरी यांची अशी समोरासमोर गांठ पडली. तथापि बहुतेक माल दलालांच्याच हातून जाई. उपदलाल खेडोपाडीं आगाऊ पैसे वाटीत हिंडे आणि एकाची उत्तम बी व दुसऱ्याची कच्ची बी एकाच पोत्यांत भरी. पोत्यांत शिरल्यावर कष्टाळू आणि आळशी दोघेही सारखेच!

हे मधले हात टाळावेत म्हणून विनिफ्रीड टेटे-आन्सा यांनीं सहकारी संघ काढून माल थेट अमेरिकेंत विकण्याचा उद्योग आरंभिला. १९३०-३१ मध्यें शेतकऱ्यांनीं माल अडवूनही पाहिला. जागतिक मंदीपुढें दोन्ही बेत ढासळले.

१९३७ च्या अखेरीस भाव कोसळत असतां बहुतेक मोठ्या युरोपीय पेढ्यांनीं आपसांत करार केला. कोणीं किती माल घ्यावा याचे वांटे ठरले. भावाची कमाल मर्यादाही बांधली गेली. करारांत युनायटेड आफ्रिका कंपनी होती, आणि कॅडबरीही होती. चांगल्या बीस चढा भाव देणारी पेढीच आतां भावाची चढाओढ बंद पाडणाऱ्यांच्या पंक्तीस बसली, हें शेतकऱ्यांस झोंबलें असल्यास नवल नाहीं. त्यांनीं माल विकण्याचें नाकारलें. अकिम अबुआक्वाचे राजे नाना सर ओफोरी आट्टा यांच्यासारखे अधिपति त्यांच्या पाठीशीं राहिले. विलायती मालावर बहिष्कार पडला. महिन्यांमागून महिने गेले. कोको म्हणजे सोनें नव्हे. ओल लागली कीं तो बुरसतो, आणि तो वाळविणाऱ्याच्या घरांतच तो पडून होता. अखेर विल्यम नोवेल यांचें चौकशी मंडळ विलायतेहून आलें, एप्रिल १९३८ मध्यें तह झाला आणि माल हलला. करार मोडावा व शेतकऱ्यांनीं एकत्र येऊन माल विकावा, असें त्या मंडळानें अहवालांत सुचविलें.

घडलें निराळेंच. महायुद्धांत सरकारनें सारें पीक स्वतः घेतलें, आणि १९४७ सालीं सरकारी विक्री मंडळ स्थापन झालें. मंडळाचा भाव व जगाचा भाव यांतील मोठा फरक पुढें कित्येक वर्षें मंडळाच्या तिजोरींतच सांठत गेला.

१९९३ सालीं शेतकऱ्यांनीं ‘कुआपा कोको’ हा सहकारी संघ काढला आणि गांवोगांवीं आपलाच माणूस कांट्यापाशीं बसविला. बी परदेशीं जाई ती सरकारी मंडळामार्फतच. म्हणून संघानें दुसरी वाट काढली. १९९८ सालीं लंडनमध्यें निघालेल्या एका चॉकोलेट कंपनींत एक तृतीयांश भाग त्यानें घेतले. ‘कुआपा कोको’ या शब्दांचा अर्थच मुळीं ‘चांगला कोको पिकविणारा शेतकरी’ असा आहे.