चार चाली, एक गाणं

जात्यावरची ओवी असो, भोंडला असो की गिरगावातल्या गणपतीपुढचे जुने मेळे, आपण सगळे एकाच चालीत गातो. पण चार गट चार निराळ्या चालींनी एकदम गायले तर? गोंधळच होईल, असं आम्हालाही वाटलं होतं.

युरोपात चारशे-पाचशे वर्षांपूर्वी अशी गाणी रचली गेली. त्यांना मॅड्रिगल म्हणतात. बहुतेक वेळा साथीला वाद्य नसे, नुसते गळे: बायकांचे उंच आणि खालचे, पुरुषांचे उंच आणि खालचे. मुंबईत ही गायकी रुजवली व्हिक्टर परांज्योती यांनी. १९५६ साली त्यांनी परांज्योती अकॅडमी कोरस हा गायकवृंद उभा केला. परकी गाणी गाऊन ते थांबले नाहीत. ‘द्रविडियन डिथिरॅम्ब’ या रचनेत त्यांनी आपल्याकडचे सूर अनेक आवाजांत गुंफले, तेही शब्दांशिवाय, नुसत्या अक्षरांवर.

१९६७ मध्ये ते वारले. म्होरक्या गेला की मंडळ मोडतं, हे आपण गावात पाहतोच. इथे कूमी वाडिया पुढे झाल्या. बायका-पुरुष दोघेही त्यांच्या हाताच्या इशाऱ्यावर गाऊ लागले. त्यांनी वृंद टिकवला, परदेशात नेला, कित्येक दशकं सांभाळला.

या गाण्यात मोठ्यानं गाणारीपेक्षा शेजारणीचा सूर ऐकणारी मोलाची. पुढच्या बैठकीत करून बघा: निम्म्या जणींनी एकच सूर धरायचा, बाकीच्यांनी ओवी म्हणायची. आम्ही केलं. पहिल्यांदा हसलो, मग गप्प होऊन ऐकत राहिलो.