जबड्याच्या सांध्याचा आवाज

जबड्याच्या सांध्याचा आवाज म्हणजे तोंड उघडताना, मिटताना अथवा घास चावताना कानापुढील सांध्यातून येणारा ‘कट्’ असा किंवा करकरल्यासारखा ध्वनी होय. बोलीभाषेत यास ‘जबडा वाजणे’ म्हणतात. हा आवाज स्वतंत्र रोग नसून लक्षण आहे. वेदना नसतील आणि तोंड पूर्ण उघडत असेल, तर त्यावर सहसा कोणत्याही उपचाराची आवश्यकता नसते.

रचना व आवाजाची उत्पत्ती

खालच्या जबड्याच्या हाडाचे दोन्ही टोकांचे गोलसर माथे कवटीच्या शंखास्थीतील खोबणींत बसतात. या सांध्यास टेम्पोरोमँडिब्युलर सांधा अथवा संक्षेपाने टीएमजे असे नाव आहे. माथा आणि खोबण यांच्यामध्ये तंतुमय चकती असते. तोंड थोडे उघडताना माथा प्रामुख्याने जागच्या जागी फिरतो. मोठा ‘आ’ करताना तो चकतीसह पुढे सरकतो. कानाच्या पाळीपुढे बोट ठेवून जांभई दिल्यास हे सरकणे सहज जाणवते. दोन्ही सांधे एकाच हाडाची टोके असल्याने एक बिघडला की दुसऱ्याच्या हालचालीवरही परिणाम होतो.

चकती आपल्या जागेवरून पुढे घसरलेली असल्यास तोंड उघडताना माथा तिच्या मागील जाड कडेवरून उसळून पुन्हा चकतीखाली येतो. ‘कट्’ आवाज होतो तो याच क्षणी. मिटताना चकती परत निसटते आणि दुसरा, बहुधा हलका आवाज येतो. काही रुग्णांत पुढे चकती जागेवर येणेच थांबते. अशा वेळी आवाज बंद होतो, परंतु तोंडही पुरेसे उघडत नाही. आवाज थांबला म्हणजे दुखणे बरे झाले, असा समज येथे घातक ठरतो. वाळूवर पाय घासल्यासारखी सततची करकर मात्र सांध्याच्या पृष्ठभागाची झीज सुचविते.

कारणे

झोपेत दात खाणे, ताणाखाली दातांवर दात दाबून धरणे, हनुवटीवरील आघात, सांध्याचे बंध शिथिल असणे, संधिवात ही कारणे आढळतात. अनेकदा एकच एक कारण सांगता येत नाही. वेदनायुक्त विकार स्त्रियांत अधिक दिसतो. अमेरिकेतील कान-नाक-घसातज्ज्ञ जेम्स कॉस्टेन यांनी १९३४ साली दाढा पडल्याने सांध्यावर व परिसरातील नसांवर दाब येतो, असे मत मांडले. शरीररचनेच्या आधारे त्यांचे स्पष्टीकरण पुढे अमान्य झाले, तरी ‘दातांची ठेवण सुधारली की जबडा वाजणे थांबेल’ ही कल्पना दीर्घकाळ टिकून राहिली आणि तिच्यापायी कित्येकांचे निरोगी दात घासले गेले.

निदान

वैद्य सांध्यावर बोटे ठेवून आवाज व वेदना तपासतात आणि पुढील दातांमधील अंतर मोजतात. प्रौढांत हे अंतर सर्वसाधारणपणे ४० ते ५० मिलिमीटर असते. घरगुती माप म्हणजे स्वतःची तीन बोटे उभी तोंडात मावणे. चकतीची जागा एमआरआयमध्ये, तर हाडातील बदल सीटी स्कॅनमध्ये दिसतात. केवळ वेदनारहित आवाजासाठी या महागड्या तपासण्या सहसा लागत नाहीत.

उपचार

वेदना असल्यास काही काळ मऊ अन्न घेणे, घास लहान करणे, जांभई देताना हनुवटीला हाताचा आधार देणे, ओठ मिटलेले पण दात सुटे ठेवणे आणि गरम शेक यांनी बहुतेकांना आराम पडतो. भाकरी कालवणात कुस्करून खावी; ऊस दातांनी सोलणे, सुपारी व कडक फुटाणे काही आठवडे वर्ज्य करावेत. ‘द बीएमजे’ या नियतकालिकात २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक सूचनांनी दीर्घकालीन वेदनांसाठी जबड्याचे व्यायाम व मानसोपचारात्मक पद्धती यांची ठाम शिफारस केली आणि दातांची ठेवण कायमची बदलणाऱ्या पट्ट्यांस ठाम विरोध केला. काढता येणारी रात्रीची पट्टी दंतवैद्य पुष्कळदा देतात, पण तिच्याविषयीचा पुरावा दुबळा आहे.

शस्त्रक्रिया मोजक्या रुग्णांसाठीच. अमेरिकेत १९८० च्या दशकात चकतीऐवजी बसविलेल्या टेफ्लॉनयुक्त कृत्रिम भागांचे तुकडे होऊन अनेकांची हाडे झिजली व ते भाग बाजारातून मागे घ्यावे लागले. सांधा निखळणे हा वेगळा प्रकार होय. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात निखळलेला हनुसंधी शेकून जागेवर बसविणे व त्यावर ‘पंचांगी’ बंध बांधणे सांगितले आहे.

मराठवाड्यातील संदर्भ

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथे घाटी रुग्णालयाच्या परिसरात १९८२ साली स्थापन झालेले शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. या भागात तोंड कमी उघडणाऱ्या रुग्णाबाबत सांध्याखेरीज आणखी एक शक्यता तपासावी लागते. सुपारी व गुटखा यांमुळे गालांच्या आतील त्वचेखाली तंतू साचून तोंड हळूहळू आखडते. मुंबईचे एस. जी. जोशी यांनी १९५३ साली या विकाराला ‘सबम्युकस फायब्रोसिस’ हे नाव दिले. यात सांध्याचा आवाज बहुधा नसतो. गाल आतून पांढुरके व ताठ लागतात आणि तिखट खाताना आग होते. हा विकार कर्करोगपूर्व मानला जातो. महाराष्ट्रात गुटख्यावर जुलै २०१२ पासून बंदी असली तरी साधी सुपारी खुली मिळते. त्यामुळे तीन बोटे मावेनाशी झाल्यास, जबडा वाजो वा न वाजो, तोंडाची आतून तपासणी करून घेणे आवश्यक असते.