कूलरचं गवत

मागच्या वीकांताला बीडला घरी गेलो होतो. मे महिना, पारा चाळिशीच्या पुढे. दारातून आत आलो आणि कूलरचा वास नाकात शिरला. पण लहानपणचा ओल्या गवताचा वास नव्हे हा, कुजक्या पोत्याचा! रात्रभर अण्णा खोकत होते. सकाळी कूलरची बाजू उघडली तर हनीकोंब पॅडवर क्षारांचा पांढरा थर आणि खालच्या कडेला काळी बुरशी.

"अण्णा, हे बदललं कधी होतं?"

"बदलायचं कशाला? हवा यायलीय की!"

बोलणार कुणाला? चार वर्षांपूर्वी हा कूलर मीच घेऊन दिला होता. "आता दरवर्षी गवत बदलायची कटकट नाही," असं वर ऐटीत सांगितलंही होतं. दुकान उघडायला अवकाश होता, म्हणून या पॅडचा इतिहास खणत बसलो.

मूळ आहे वाळ्यात. अबुल फजलने 'ऐन-ए-अकबरी'त (सोळाव्या शतकाची अखेर) वाळ्याच्या ताट्यांची नोंद केली आहे: उन्हाळ्यात दाराला लावायच्या, वर पाणी शिंपडायचं, हवा गार आणि सुगंधी. वाळ्याचा भावही दिलाय, मणाला दीड रुपया! ताटी म्हणजे मुक्ताबाईच्या अभंगांतली तीच. (हिंदीत या शब्दाचं पुढे काय झालं ते विचारू नका :) )

पुढे १८३०च्या सुमारास साहेबाच्या बंगल्यांत 'थर्मँटिडोट' आला. मोठं लाकडी खोकं, बाजूंना वाळ्याच्या ताट्या, वरून पाण्याची धार आणि आत पंखा. पंखा फिरवायला माणूस. मोटर सोडली तर हा आपला कूलरच की!

१९३०च्या दशकात अमेरिकेत अ‍ॅरिझोनाच्या कोरड्या उन्हात लोकांनी तेच खोकं विजेवर चालवलं. तिथे वाळा कुठला? त्यांनी अ‍ॅस्पेन झाडाच्या लाकडाचे बारीक तंतू जाळीत भरले. हेच वूड वूल, म्हणजे आपलं 'कूलरचं गवत'. नंतर कागदी लगद्याचं हनीकोंब आलं.

थंड देशांत घर तापवायला भट्टी असते, तिच्या फिल्टरची गोष्टही अशीच. १९३०च्या दशकात काचेच्या तंतूंचे स्वस्त फिल्टर आले, ते मुख्यतः पंखा आणि यंत्र धुळीने तुंबू नये म्हणून. माणसाच्या फुप्फुसांचा विचार मागाहून झाला. कुठला फिल्टर किती बारीक कण अडवतो हे सांगणारा 'मर्व्ह' अंक तर १९९९ सालचा. आपल्या कूलरच्या पॅडला असा अंकच नाही. ते हवा गार करायला बनवलंय, धूळ आपली वाटेत अडकते.

आता थोडं इंजिनिअरिंग. एक लिटर पाण्याची वाफ होताना साधारण ०.६७ युनिट विजेइतकी उष्णता हवेतून जाते, म्हणून झुळूक गार. पण उडून जातं फक्त पाणी. त्यातले क्षार टाकीत उरतात, टिल्लू पंप तेच पाणी पुन्हा वर चढवतो आणि शेवटी सगळं पॅडवर जमतं. आमचं पाणी बोअरचं. उपाय एकच, टाकी अधूनमधून पूर्ण रिकामी करायची.

हे सांगितल्यावर अण्णा गप्प झाले. मग म्हणाले, "पाणी फेकायचं? दोन हजार सोळा विसरलास का?"

कसा विसरेन? त्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. आमच्या गल्लीत टँकर आला की भांड्यांची रांग लागायची. अण्णा टाकी रिकामी करत नव्हते तो आळस नव्हता, त्या उन्हाळ्याची सवय होती. अकबराच्या ताटीवर पाणी शिंपडायला माणूस होता, थर्मँटिडोट फिरवायलाही होता. त्यांची जागा मी एका कागदी पॅडला दिली आणि पुण्याला निघून गेलो.

दुकानात तिन्ही पॅड मिळाले. वाळा सुगंधी पण महाग, आणि कुजतोही. हनीकोंब काही वर्षं टिकतं, पण गोड पाण्यावर आणि नियमित धुतलं तर. वूड वूल स्वस्त, मात्र दर मोसमाला नवं. आमच्या कूलरला जाळीची चौकट बसत होती. बोअरचं खारं पाणी आणि धुण्याचा कंटाळा बघून वूड वूल घेतलं. टाकीचं पाणी आता दर रविवारी संडास-अंगण धुवायला जातं, त्यामुळे अण्णाही खूश.

खोकल्यासाठी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. तो कूलरमुळेच होता का, हे तेच ठरवतील. त्या रात्री मात्र घरात ओल्या गवताचा वास होता आणि अण्णा सलग झोपले.

असो. मार्चअखेरीला बीडची फेरी कॅलेंडरात टाकली आहे. तुमच्या घरचा कूलर शेवटचा कधी उघडला होता, तेवढं फोन करून विचारा.